शब्दांचा खेळ आपल्या शब्दांत का नसावा?

परीक्षा जवळ आली की 'खेळ' या शब्दानेच वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि तो संगणकावरचा असला तर दोन पडतात. तरीही वाचकहो, आज मी एका खेळाचीच बाजू मांडणार आहे. या खेळात चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर फक्त वाक्ये उमटतात: आपण कुठे उभे आहोत, समोर कोण आहे, दार कोणत्या दिशेला आहे. आपणही शब्दांतच उत्तर द्यायचे. त्याच वेळी दुसऱ्या देशातला कोणी त्याच खोलीत उभा असतो आणि त्याचे बोलणे आपल्याला वाचता येते.

याची सुरुवात १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात झाली. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ रचला. त्यात जुन्या कथांतल्यासारखा खजिना शोधायचा असे. पुढे १९८८ साली ॲलन लेंटन यांनी 'फेडरेशन' हा विज्ञानकथेच्या धर्तीचा खेळ 'कॉम्प्युनेट' या दूरध्वनीच्या तारांवरून चालणाऱ्या सेवेवर आणला. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तो विशेष जवळचा वाटावा. कर्ज काढून यान घ्यायचे, ग्रहाग्रहांवर माल पोहोचवायचा, स्वस्त तेथे खरेदी आणि महाग तेथे विक्री करायची, कर्ज फेडायचे आणि पायरीपायरीने चढत शेवटी स्वतःचा ग्रह वसवायचा. जमाखर्च चुकला की अंतराळातही दिवाळे!

१९९५ साली हा खेळ 'अमेरिका ऑनलाइन'वर गेला. तेव्हा तेथे तासावर पैसे पडत. जितका वेळ खेळाडू बसे, तितके उत्पन्न. डिसेंबर १९९६ मध्ये त्या कंपनीने महिना १९.९५ डॉलर अशी ठोक वर्गणी केली. मग रेंगाळणारा ग्राहक उत्पन्नाऐवजी खर्चाच्या बाजूला जाऊन बसला. सेवा बदलल्या, दर बदलले, पण खेळ तगला, आणि २००३ साली त्याची दुसरी आवृत्ती आली.

असे खेळ तगतात ते कशाच्या बळावर? बार्टल यांनी १९९६ च्या एका लेखात खेळाडूंची पत्त्यांच्या चार रंगांत वाटणी केली. चौकटवाले संपत्तीमागे, इस्पिकवाले नवे प्रदेश शोधत, किलवरवाले इतरांना झोडपत, आणि बदामवाले नुसते माणसांसाठी येतात. आमच्या वर्गातही हे चारही रंग आहेत, हे सांगायला नकोच.

आता माझी गोष्ट. वडील मराठी, आई कन्नड, शाळा बीदर जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची. जामबागेत शिकायला आल्यावर असाच एक अंतराळातला इंग्रजी खेळ मी हौसेने सुरू केला. एका परक्या व्यापाऱ्याने मला भाव विचारला. मी वाक्य मनात मराठीत आणले, उत्तर मराठीत जुळवले, पुन्हा इंग्रजीत नेले, आणि तोवर तो दुसऱ्याशी सौदा करून निघून गेला होता. हिशेब मला त्याच्याइतकाच येत होता. उणीव होती ती फक्त शब्दांची. त्या रात्री मला शाळेची लाज वाटली, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी मात्र त्या लाजेचीच लाज वाटली.

कारण विचार करा. चित्रांचा खेळ काढायला चित्रकार, यंत्रे आणि कोट्यवधी रुपये लागतात. शब्दांच्या खेळाला मुख्य भांडवल लागते ते भाषेचे, आणि ते आपल्यापाशी आहे. पूर्वी एक अडचण खरी होती. जुन्या संगणकी संकेतात १२८ च चिन्हे मावत, त्यांत देवनागरीला जागा नव्हती. आज ती आपल्या खिशातल्या फोनवर आहे.

कोणी म्हणेल, मराठीत अंतराळाचे शब्द कुठे आहेत? १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. म्हणजे शब्दही होते, आणि दुसऱ्या नावाने रंगणात उतरायची हौससुद्धा!

दुसरा आक्षेप असा, की या खेळाचे व्याकरणच इंग्रजी आहे. त्यात आज्ञेचे क्रियापद आधी येते, आपल्याकडे शेवटी. मी आणि कन्नड विभागातला एक मित्र फोनवरच्या निरोपांतून असा खेळ करून पाहिला. तो सूत्रधार झाला, आम्ही सहा जण यानात. पहिल्याच दिवशी तंटा झाला. कप्तानाला 'ये' म्हणायचे की 'या'? खेळाडू मुलगी असेल तर 'तू गेलास' कसे चालेल? इंग्रजीला हे प्रश्न पडतच नाहीत. कन्नडमध्ये 'नीनु होदे' दोघांनाही चालते, पण 'नीनु' की 'नीवु' हा पेच तेथेही आहेच. क्रियापदही दोन्हीकडे शेवटीच. म्हणजे एका भाषेसाठी बांधलेला सांगाडा थोड्या फेरफाराने दुसरीला चालेल. शिवाय, कोण कोणाला 'अहो' म्हणतो यावरून यानातली सारी उतरंड कळते. मला तर ही अडचण वाटत नाही, खेळाची गंमत वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: खेळणार कोण? मराठी शाळांतली मुले कमी होत आहेत, हे मला माझ्याच शाळेच्या हजेरीपटावरून ठाऊक आहे. परंतु भाषा केवळ समारंभात हार घालून जगत नाही. तिच्यात भांडायला, भाव करायला, थापा मारायला मिळाले तर ती जगते. आणि एसेक्समध्ये तरी आरंभी किती जण होते? दोन विद्यार्थी!

आम्ही सहा आहोत. या अंकाची मराठी आणि कन्नड पाने एकाच दोऱ्याने शिवलेली आहेत, तसेच एक यान दोन्ही भाषांत बांधू या. संगणकाचे जाणकार हवेत, लिहिणारे हवेत, आणि हिशेब तपासणारेही. कर्जाच्या नोंदी मी ठेवीन.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)