शिवजयंती आणि गावोगावची मंडळे

पूर्णेच्या काठी वसलेल्या केदारखेड्यात, आणि भोकरदन तालुक्यातील अशाच गावोगावी, १९ फेब्रुवारीस भगव्या पताका लागतात, मिरवणूक निघते आणि तरुण मंडळे रक्तदान शिबिरे भरवितात. मुलांच्या अंगी हा जो उत्साह आहे त्याचे आम्हांस कौतुक आहे. परंतु ज्या राजाचे स्मरण करावयाचे, त्याच्या कारभाराची आठवण त्या दिवशी कितपत होते, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

जालन्याशी महाराजांचा संबंध तसा अवघड आहे. १६७९ च्या नोव्हेंबरात त्यांनी ही मोगलांची संपन्न पेठ लुटली. ती त्यांची अखेरची मोठी मोहीम ठरली आणि पुढच्याच एप्रिलात ते गेले. व्याख्याते हा प्रसंग मोठ्या रसाने सांगतात. सांगावा, पण त्याआधी तीनच वर्षे, १६७६ मध्ये, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना महाराजांनी धाडलेले पत्र मात्र फारसे कोणी वाचून दाखवीत नाही. ज्या कुळाजवळ बैल नाही त्यास बैलासाठी पैका द्यावा, खावयास व बियाण्यास दाणा द्यावा, आणि वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावे, असा त्याचा आशय आहे. वारंवार दुष्काळाने होरपळणाऱ्या आमच्या जिल्ह्यास या पत्राहून जवळचे काय असेल?

सेवाकार्य कसे असावे याचा धडा शोधण्यास दूर जावयास नको. याच जिल्ह्यातील कडवंची गावात मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने लोकांना हाताशी धरून पाणलोटाचे काम केले, आणि पुढे त्याच माळावर द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. जालना शहराच्या निजामकालीन घाणेवाडी तलावातील गाळ काढण्यास नागरिकच पुढे सरसावले. तेथे वाद्यांचा दणदणाट नव्हता.

रक्तदानाचेच पाहा. साठविलेले रक्त ३५ ते ४२ दिवसच टिकते. फेब्रुवारीत सर्वत्र एकाच आठवड्यात शिबिरे होतात, ते रक्त मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी कालबाह्य होते. आणि खरा तुटवडा पडतो तो एप्रिल-मे महिन्यांत, महाविद्यालये बंद असताना. मग निम्म्या मंडळांनी आपले शिबिर मे महिन्यात घेतले तर जयंतीचा अवमान होईल काय? तिथी-तारखेचा वाद वर्षानुवर्षे घालणाऱ्या समाजास एवढी लवचिकता जड जाऊ नये.

१८६९ साली जोतीराव फुल्यांनी पोवाडा रचून महाराजांना कुळवाड्यांच्या घरी नेले. १८९६ साली टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला. दोन्ही मार्गांत केवळ गजर नव्हता. आमची मंडळांना सूचना साधी आहे. वर्गणीचा जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा, आणि तिचा निम्मा भाग राखून ठेवून मृगापूर्वी गावातील दोन-चार अडल्या कुटुंबांस, पहिल्या प्रथम विधवा शेतकरी भगिनींस, बियाणे बिनव्याजी द्यावे. परतफेड सुगीनंतर घ्यावी आणि तोच पैसा पुढल्या वर्षी दुसऱ्या घरी फिरवावा.