विश्लेषण : ‘सगळे डोस होईपर्यंत पिल्लू खाली नेऊ नका’, हा सल्ला अपुरा का?

सोसायटीच्या लिफ्टचे दार उघडते. आत लॅब्राडॉर, बाहेर डिलिव्हरीचा मुलगा. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर भलीमोठी बॅग. कुत्रा गुरगुरत पट्टा ताणतो. मालक सांगतात, ‘काही करत नाही तो.’ रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटतो. कोणी कुत्र्याच्या जातीला दोष देते, कोणी मालकाला. पण या कुत्र्याने तीन महिन्यांचा होईपर्यंत हेल्मेट घातलेला माणूस कधी जवळून पाहिला होता का, हे कोणी विचारत नाही.

सवय लागण्याचा काळ कोणता?

साधारण तिसरा ते चौदावा आठवडा हा पिल्लाच्या सोशलायझेशनचा, म्हणजे माणसे, इतर प्राणी आणि आवाज ओळखीचे होण्याचा काळ मानला जातो. सुरुवातीला कुतूहल जास्त असते, पुढे पुढे भीती वरचढ होते. अमेरिकेतील एक प्रयोग १९६१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात काही पिल्ले कुंपणाच्या आवारात माणसांपासून दूर वाढवली होती. चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले नंतरही माणसाला बिचकत राहिली. मांजरांची मुदत तर आणखी लहान, साधारण दुसरा ते सातवा आठवडा.

मग अडते कुठे?

लसीकरणाच्या वेळापत्रकात. पार्वो आणि डिस्टेंपरच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर पिल्लू घरातच ठेवा, असे सांगितले जाते. त्यामागची भीती खोटी नाही, पार्वो काही दिवसांत पिल्लाचा जीव घेऊ शकतो. पण सोळा आठवडे थांबायचे, तर चौदा आठवड्यांचा तो काळ चार भिंतींतच संपतो.

अमेरिकेतील पशुवर्तन क्षेत्रातील पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्येच यावर भूमिका घेतली. पहिली लस आणि जंतनाशक दिल्यानंतर किमान सात दिवसांनी, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला सोशलायझेशनच्या वर्गात नेता येते, असे ती सांगते. तीन वर्षांखालील कुत्र्यांच्या मृत्यूचे पहिले कारण संसर्ग नसून वर्तनाच्या समस्या आहेत, असेही त्यात नमूद आहे. आपल्याकडे अशा कुत्र्याच्या नशिबी बाल्कनीतली साखळी येते, नाहीतर त्याला रात्री हायवेला सोडून दिले जाते.

चहाच्या टपरीमागे वाढलेले गल्लीतले पिल्लू या एका बाबतीत नशीबवान म्हणायचे. (जगण्याच्या बाबतीत नव्हे. आजार आणि गाड्या त्यातली कितीतरी नेतात.)

त्यात विक्रीचा घोळ आहेच. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही ‘लवकर लळा लागतो’ म्हणून महिन्याचे पिल्लू गळ्यात मारले जाते. जोरात चावले की भावंड खेळ थांबवते, हा धडा मग राहूनच जातो.

डोस बाकी असताना काय करता येते?

पिल्लाला रस्त्यावर सोडू नये, पण कडेवर घेऊन गेटपाशी उभे राहता येते. वॉचमन, रिक्षा, स्कूलबस, घंटागाडी सगळे तिथेच दिसते. घरी काठीवाले आजोबा, छत्रीवाले पाहुणे येऊ द्यावेत. ओळखीतला, लसी पूर्ण झालेला शांत कुत्रा भेटवावा. ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून जेवण द्यावे.

मात्र दहा मुलांच्या हातून पिल्लू फिरवणे म्हणजे सोशलायझेशन नव्हे. शेपटी आत गेली, ते मागे सरकू लागले, तर तिथेच थांबावे. जबरदस्तीने भीती पक्की होते.

मोठ्या कुत्र्याचे काय?

सुधारणा होते, पण वेळ लागतो आणि प्रत्येक कुत्रा पूर्ण बदलेलच असे नाही. दुरून माणूस दाखवायचा, कुत्रा शांत असतानाच खाऊ द्यायचा, मग हळूहळू अंतर कमी करायचे. यासाठी पशुवैद्यकाची मदत घ्यावी. हलगर्जीपणामुळे पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे सराव सुरू असेपर्यंत गर्दीच्या वेळी लिफ्ट टाळून जिना वापरलेला बरा.