कोटीची गाडी निम्म्याहून कमी पैशांत?

मेसमधून आल्यावर गाड्यांवर चर्चा रंगली की कुणीतरी हमखास म्हणतं, "नवी फॉर्च्युनर कशाला? तेवढ्यात जुनी मर्सिडीज जीएलएस येते!" आमच्या मामांनीही हाच हिशेब मांडलाय. आजी-आजोबांसकट सगळे मावतील अशी सात सीटर हवी, आणि त्यासाठी एफडी मोडायची तयारी आहे.

मला हे अजिबात पटत नाही. जीएलएस आपल्या चाकणलाच जोडली जाते, पण नवी घ्यायची तर कोटीच्या वर. आठ वर्षांत गाडीची किंमत उतरते, पार्ट्सची नाही! एअर सस्पेन्शनच घ्या ना. स्प्रिंगऐवजी रबरी फुग्यात दाबलेली हवा असते, म्हणून खड्डे कळत नाहीत. पण रबर नुसत्या वयानेही म्हातारं होतं. चीर पडली की हवा गळते, ती भरायला कॉम्प्रेसर सारखा पळतो आणि शेवटी तोही जळतो. (हे शिकताना मला फार इंटरेस्टिंग वाटलं होतं. बिल मला भरायचं नव्हतं ना!)

फॉर्च्युनर लॅडर फ्रेमवरची, साध्या कॉइल स्प्रिंगची. मागे बसणाऱ्याला दणके बसतात, मान्य. पण तालुक्याच्या गावी मेकॅनिक तरी सापडतो.

किलोमीटर कमी दिसतात म्हणून मामा खूश आहेत. मी म्हटलं, "घ्यायचीच असेल तर सर्व्हिस रेकॉर्ड बघा. गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी चारही चाकांपाशी उंची टेपने मोजा. एखादा कोपरा खाली बसला असेल तर सरळ घरी या."

मामा म्हणाले, "तू आधी एम-थ्री सोडव!"

एफडी मात्र अजून मोडलेली नाही.