‘पोंगा पंडित’वर हल्ला, ‘चरणदास चोर’वर बंदी : आपण कोणत्या बाजूला?

हबीब तनवीर यांच्यावरील ‘गांव के नांव थिएटर, मोर नांव हबीब’ हा संजय महर्षी आणि सुधन्वा देशपांडे यांचा २००५ चा माहितीपट आंबेडकरी तरुणांनी जरूर पाहावा. नट, नाटककार आणि दिग्दर्शक असलेले तनवीर मूळचे रायपूरचे. १९५९ मध्ये त्यांनी ‘नया थिएटर’ सुरू केले आणि छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोककलेतील गावकरी कलावंतांना त्यांच्याच बोलीसह देशाच्या रंगभूमीवर आणले.

पण नुसते कौतुक करून थांबता येणार नाही. त्यांच्या दोन नाटकांचे काय झाले, ते आपण समजून घेतले पाहिजे.

‘पोंगा पंडित’ मुळात तनवीर यांनी लिहिलेले नाही. १९३० च्या दशकात नाचाच्या कलावंतांनीच ते उभे केले. शिवाशिव मानणारा पुजारी आणि सफाई करणारी स्त्री यांचे हे प्रहसन खेड्यापाड्यांतले लोक वर्षानुवर्षे हसत पाहत होते. बाबरी मशीद पाडल्यानंतर मात्र ‘धर्माचा अपमान’ म्हणून त्यावर हल्ले सुरू झाले. २००३ मध्ये मध्य प्रदेशात प्रयोग उधळले गेले. नाटक तेच होते. पण ते करणाऱ्याचे नाव हबीब होते, हे हल्लेखोरांच्या पथ्यावर पडले. जातीचा प्रश्न हिंदू-मुस्लिम वादात बुडवला गेला.

दुसरे नाटक १९७५ चे ‘चरणदास चोर’. खोटे न बोलण्याच्या व्रतापायी जीव गमावणाऱ्या चोराची ही गोष्ट. त्यात सतनामी समाजाची पंथी गीते आहेत. ८ जून २००९ रोजी तनवीर यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी सतनामींच्या भावना दुखावतात, असे कारण देत छत्तीसगड सरकारने त्यावर बंदी घातली.

सतनामी हा गुरू घासीदासांच्या शिकवणीतून जातिभेदाविरुद्ध उभा राहिलेला समाज. आपले चित्र कोण, कसे रंगवतो, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण त्याचे उत्तर चर्चेतून मिळायला हवे, सरकारी बंदीतून नव्हे. बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ला १९८७-८८ मध्ये ‘भावना दुखावल्या’ म्हणूनच विरोध झाला होता. तेव्हा त्या ग्रंथासाठी आपला समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला. तीच कसोटी आज स्वतःलाही लावावी लागेल. बंदीचे हत्यार एकदा मान्य केले, की त्याचा पहिला वार जातीविरुद्ध बोलणाऱ्यावरच होतो.

म्हणून हा माहितीपट विहारात, वसतिगृहात दाखवा. तो संपल्यावर लगेच उठू नका. या दोन्ही नाटकांवर बोला.