साप खंगतो, दोष कुणाचा?

अमेरिका आणि युरोपात बॉल पायथन या आफ्रिकी अजगराची पैदास हा मोठा व्यवसाय आहे. एकाच मादीची सहा पिल्ले, सारख्याच पेट्या, सारखीच ऊब, सारखेच खाद्य. पाच पिल्ले आठवड्यागणिक वजन धरतात. सहावे मात्र उंदराकडे ढुंकूनही पाहत नाही, किंवा खाऊनही सुतळीसारखे बारीक राहते आणि एक दिवस मरते. पहिला आरोप अर्थातच पाळणाऱ्यावर होतो.

बहुतेकदा तो खराही असतो. साप स्वतःची उष्णता निर्माण करत नाही. पेटी थंड असेल तर त्याचे पचन मंदावते. लपायला जागा नसेल तर तो खाणेच सोडतो. म्हणून तपास येथूनच सुरू व्हायला हवा. पण तो येथेच थांबू नये, कारण पिल्लाचे बरेचसे भवितव्य अंडे फुटण्यापूर्वीच ठरलेले असू शकते.

रंगांचेच पाहा. दुर्मीळ नक्षीला भाव मिळतो, म्हणून ती टिकवण्यासाठी जवळच्या नात्यातले साप एकत्र आणले जातात. ‘स्पायडर’ नावाची नक्षी तर उपजत दोषासह येते. या सापांचे डोके डुलते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीटी स्कॅनमध्ये त्यांच्या आतल्या कानाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या अवयवाची, घडणच बिघडलेली दिसली. अशा सापाची पेटी कितीही सुधारली तरी कान सुधारत नाही.

नात्यातल्या संकराची किंमत जंगलातही दिसली आहे. स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर ॲडर सापांची एक वस्ती शेतीमुळे एकाकी पडली होती. तेथे मृत आणि व्यंग असलेली पिल्ले मोठ्या प्रमाणात जन्मत. १९९२ मध्ये संशोधकांनी दुसरीकडचे २० नर तेथे सोडले. जागा तीच, भक्ष्य तेच. तरीही पुढे निरोगी पिल्ले जगू लागली आणि वस्ती सावरली. बदलले होते ते फक्त रक्त.

तिसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी सापाच्या जठराचे अस्तर जाड करतो. साप गिळलेले उलटून टाकतो आणि झिजत जातो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. बोआ आणि अजगरांना होणाऱ्या ‘इन्क्लुजन बॉडी’ आजाराशी निगडित विषाणू तर २०१२ साली ओळखला गेला. काही बोआ तो वर्षानुवर्षे अंगात बाळगूनही ठणठणीत दिसतात आणि मादीकडून तो पिल्लांतही उतरू शकतो. निरोगी दिसणारे आईबाप ही हमी नव्हे.

माणसाच्या घरातही हेच घडते. बाळाचे वजन वाढले नाही की सासरचे बोट आईकडे वळते. डॉक्टर मात्र आहाराबरोबर हृदय, आतडे, थायरॉइड आणि क्षयही तपासतात. सापाच्या बाबतीतही तीच शिस्त हवी: वजनाची नियमित नोंद, विष्ठेची तपासणी, नव्या सापाला वेगळे ठेवणे आणि मेलेल्या पिल्लाचे शवविच्छेदन. पशुवैद्याला न विचारता बळजबरीने भरवणे हा उपाय नव्हे. आणि भरवून जगवलेल्या अशक्त सापापासून पुन्हा पैदास करणे म्हणजे तोच दोष पुढच्या पिढीच्या माथी मारणे.

आपल्याकडे नाग, धामण, अजगर घरात पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरीही परदेशी सापांचा शौक शहरांत वाढतो आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने बॉल पायथनसारख्या प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली आहे. पण नोंदणीचा कागद मालकी सांगतो, प्रकृती नव्हे. सापाचे आईबाप कोण, त्यांचे आपसांत नाते काय, त्यांच्या कोणत्या तपासण्या झाल्या, हे विक्रेत्याने सांगायलाच हवे. जो सांगत नाही, त्याच्याकडून साप घेऊ नये. व्यंगाला गिऱ्हाईक मिळाले नाही, तरच त्याची पैदास थांबेल.