खापर एकट्या जमील यांच्यावर नको



भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांची निवडच चुकली, असे म्हणणारे धुळ्याच्या वाचकाचे पत्र वाचले. आशियाई चषकाची पात्रता हुकल्याचा त्यांचा संताप माझाही आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही.

जमील ऑगस्ट २०२५ मध्ये आले, तेव्हा पात्रता फेरीचे दोन सामने होऊन गेले होते. बांगलादेशशी बरोबरी, हाँगकाँगकडून हार. पदरात गुण एकच. आधीचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ काही काळ एफसी गोवा हा क्लबही सांभाळत होते. त्यांच्या आठ सामन्यांत भारत एकदाच जिंकला. ही दुहेरी जबाबदारी अखिल भारतीय फुटबॉल महासंघानेच मान्य केली होती. पुढे प्रशिक्षकपदासाठी चावी आणि ग्वार्डिओला यांच्या नावांनी आलेले अर्ज खरे नसल्याचेही महासंघालाच जाहीर करावे लागले.

मडगावात सिंगापूरकडून झालेल्या पराभवाचा जाब जमील यांना जरूर विचारावा. पण २०१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकावर सगळे खापर फोडणे अन्यायाचे आहे. निवडीचे निकष आधी जाहीर करा, मगच नेमणूक करा, ही मागणी आपण खान्देशातल्या फुटबॉलप्रेमींनी महासंघाकडे लावून धरली पाहिजे.

– एक फुटबॉलप्रेमी, जळगाव