आई-वडिलांचा खून झाल्यास मुलांचे कायदेशीर हक्क कोणते?
जातीय अत्याचारात आई किंवा वडिलांचा खून झाला की पुढारी घरी येतात, आश्वासने देतात, निघून जातात. मुलांना हवा असतो तो हक्क, आणि तो कायद्यात आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ च्या सुधारित नियमांनुसार ८ लाख २५ हजार रुपयांचे अर्थसाहाय्य मिळते : निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर. निकालापर्यंत थांबावे लागत नाही. मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च, कुटुंबातील एकाला नोकरी, याही तरतुदी आहेत. कलम १५अ नुसार आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीत वारसांना आपले म्हणणे मांडता येते. म्हणून आम्ही सांगतो : एफआयआरमध्ये अ‍ॅट्रॉसिटीचे कलम लागले का, ते आधी पाहा, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मोर्चा काढूच, पण कागदही सोडू नये.